पाण्यातली गाडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही माझ्या लेकीची, पूनमची आहे, तिच्या नर्सिंगच्या अभ्यासाची. मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कुणाला दाखवायची नाही. पण गुरुपाद अण्णांना माती दिली त्या दिवशी जो तो त्यांच्याविषयी दोन शब्द बोलला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून मागे सरकले. मला चार माणसांत बोलता येत नाही. आणि मला जे माहीत होतं ते चार माणसांत बोलण्यासारखंही नव्हतं.

अण्णांचा वापरलेल्या गाड्यांचा धंदा होता. महामार्गाच्या कडेला, उचगावच्या बाजूला, पत्र्याचं शेड आणि पुढे मोकळी जागा. लोक आपल्या गाड्या आणून लावायचे, अण्णा गिऱ्हाईक बघायचे आणि व्यवहार झाला की दोन्हीकडून कमिशन घ्यायचे. स्वतःचे पैसे घालून गाडी विकत घ्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. माझे यजमान वारले त्या वर्षी मी तिथे लागले. गाड्या पुसायच्या, आतून झाडायच्या आणि दिवसातून चार वेळा चहा करायचा.

अण्णा मूळचे संकेश्वरकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बायको कधीच वारली होती आणि मुलगा बेंगळुरूला. राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटेच राहायचे. मला ते तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. शालन हे माझं नाव त्यांनी पगाराच्या वहीत लिहिलं तेवढंच.

त्यांच्या सवयी वेगळ्या होत्या. कुठल्याही गाडीत बसताना चपला बाहेर काढायचे, मग ती भाजीच्या टोपल्या वाहून वाहून काळी झालेली व्हॅन का असेना. गाडीला कधी जुनी म्हणायचे नाहीत, वापरलेली म्हणायचे. विकायला आलेल्या माणसाला गाडी किती किलोमीटर पळाली हे विचारायचे नाहीत. विचारायचे, "रात्री कुठं उभी असती?" माणूस घुटमळला की त्यांना काय ते कळायचं. रंगाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, रंग खोटं बोलतो, लोखंड बोलत न्हाय.

आणि त्यांचं नाक. कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या सगळ्यांना अण्णांचं नाक माहीत होतं. मोठा पूर येऊन गेला की दोन-चार महिन्यांनी पाण्यात बुडालेल्या गाड्या बाजारात येतात. धुतलेल्या, पुसलेल्या, नवे गालिचे घातलेल्या. वरून काही कळत नाही. वर्षा-दीड वर्षाने आतल्या तारा गंजतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते, नाहीतर त्याहून वाईट होतं. अशी गाडी अण्णा विकायचे नाहीत. ते गाडीत बसायचे, काचा वर करायचे, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं नुसता श्वास घ्यायचे. एकदा राजारामपुरीतले एक डॉक्टर पांढरी गाडी घेऊन आले होते. अगदी लख्ख. अण्णा आत बसले, बाहेर आले, चपला घातल्या आणि त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले की पाणी स्टेअरिंगच्या वरपर्यंत होतं. डॉक्टरांनी खाली बघितलं. जाताना ते म्हणाले की अण्णा, तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होता. शेजारचे धंदेवाले त्या वर्षी पुरातल्या गाड्या विकून वर आले. अण्णा तसेच राहिले. पण लांबलांबची माणसं यायची. अण्णांच्या शेडातून घेतली म्हणजे पाण्यातली नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत अण्णा सतरा दिवस दवाखान्यात होते. परत आले ते निम्मे होऊन. सगळं पहिल्यासारखं सुरू झालं, पण एक दिवस मी गाडी पुसायला गेले आणि स्टोव्हवर दूध विसरले. दूध जळून पातेलं काळं झालं, शेडभर धूर. अण्णा त्या स्टोव्हपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. मी धावत आले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि धूर बघून उठले. मला वाटलं, लक्ष नसेल. पुढच्या महिन्यात एका व्हॅनच्या मागच्या बाजूला उंदीर मरून पडला होता. वासाने मला दार उघडवेना. अण्णा त्याच व्हॅनमध्ये पाच मिनिटं डोळे मिटून बसले होते आणि बाहेर येऊन मालकाला गाडी चांगली आहे म्हणून सांगत होते.

मालक गेल्यावर मी उंदीर सुपलीत घेऊन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी उंदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गळ्यातली डबी हातात घट्ट धरली. मग म्हणाले, "तंगी, हे शेडाच्या बाहेर जाऊ देऊ नको. नाक गेलं हे कळलं तर माझ्याकडं कोण कशाला यील?"

त्या दिवसापासून त्यांचं नाक मी झाले. आमचं घर शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला. दोन पुरांत आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. त्या गाळाचा वास मला वेगळा सांगावा लागत नाही. ठरलं असं की गाडी आली की आधी मी पुसायच्या निमित्ताने आत बसायचं. गाडी चांगली असली तर बादली उजव्या चाकाजवळ ठेवायची, वास आला तर डाव्या. मग अण्णा यायचे, चपला काढायचे, आत बसून डोळे मिटायचे आणि बाहेर येताना बादली कुठे आहे ते बघायचे. मला तोंडाने बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते मला जमलं. दोन-अडीच वर्षं कुणाला कळलं नाही. पगार द्यायचे तेव्हा त्यात दोनशे रुपये जास्त असायचे आणि त्याविषयी ते काही बोलायचे नाहीत. मला मात्र कधी कधी रात्री जाग यायची आणि वाटायचं, हे असं किती दिवस चालेल?

नंतर मंदी आली. शिरोलीच्या, कागलच्या फाउंड्र्यांना ऑर्डरी नव्हत्या. आठवड्यात तीन दिवस भट्टी, चार दिवस सुट्टी. कर्जाच्या कंपन्या कागद मागायला लागल्या. शेडात एका वेळी चौदा गाड्या उभ्या असायच्या आणि त्याच चौदा मी रोज पुसायची. टायरला भेगा पडायला लागल्या. उजवीकडच्या शेडाने एका रविवारी पाटी उतरवली, डावीकडच्याने गणपतीनंतर. मधे आम्ही राहिलो. गिऱ्हाईक यायचं, चहा प्यायचं, आणि अण्णा म्हणायचे की ह्यांची नजर गाडीकडं न्हाय, गेटाकडं हाय. त्यांचं बोलणं कमी झालं. जागेचं भाडं सात महिने थकलं होतं. जागामालकाने होळीपर्यंतची मुदत दिली होती.

अशात ती लाल गाडी आली.

दोनच सीटची, जमिनीला टेकलेली. परदेशी. तिच्यामागून शाळेची पोरं धावत आली होती. गाडी चालवत होता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला एक तरुण कारखानदार, विक्रमदादा म्हणायचे त्याला. पांढरा शर्ट, डोळ्यांखाली काळं. तो चहाला थांबला नाही आणि गाडीचं इंजिन बंद केलं नाही. बोलताना दर मिनिटाला रस्त्याकडे बघायचा. त्याला कमिशनवर लावायची नव्हती. रोख पाहिजे होते, तेही दोन दिवसांत. गाडी नवी असताना ऐंशी लाखांची, आज कुणीही वीस देईल, तो अकरात सोडायला तयार होता.

अण्णांनी मला खूण केली. मी फडकं आणि बादली घेऊन गेले. दार उघडून वाकले तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "ओ बाई, आत बसू नका. चामड्याची सीट हाय, डाग पडंल."

माझा परकर ओला होता. पायाला चिखल होता. मी इतकी शरमले की मला पुढचं काही दिसेना. तशीच वाकून, मान आत घालून डॅशबोर्डवरून फडकं फिरवलं. आत अत्तराच्या दोन बाटल्या अडकवल्या होत्या, व्हॅनिलाचा वास नाकात भरला. त्याच्याखाली काही होतं का? होतं असं मला आज वाटतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की इथून बाजूला व्हावं. मी दार लावलं आणि बादली उजव्या चाकाजवळ ठेवली.

अण्णा आत बसले. पट्टा ओढून बघितला, तर पट्टा नवा कोरा. त्यांनी विचारलं. पोरगा म्हणाला, आतलं सगळं आवडीनं बदलून घेतलंय. रात्री कुठं उभी असती, विचारलं. घरातच, बंगल्यात, म्हणाला. अण्णांनी डोळे मिटले. बाहेर आले, बादलीकडे बघितलं आणि हात पुढे केला.

अकरांतले सात अण्णांचे होते. ते त्यांनी म्हातारपणासाठी ठेवले होते. तीन रफिकभाईंनी घातले. रफिकभाई म्हणजे शेडाच्या मागे गॅरेज असलेले मिस्त्री, अण्णांचे वीस वर्षांचे दोस्त. उरला एक. अण्णा दिवसभर फोन करत होते. माझ्याकडे यजमानांच्या फंडाचे एक लाख होते, पूनमच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेले. अण्णांनी मला विचारलं नव्हतं. मीच दुसऱ्या दिवशी बँकेतून काढून, कापडी पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवले. बादली मी ठेवली होती, म्हणून मला तसं करावंसं वाटलं. ते नको म्हणाले, मग म्हणाले की फी भरायच्या आत, जुलैच्या आत, हे तुझ्या हातात परत येतील.

गाडी शेडाच्या पुढे लावली. रोज माणसं यायची. पोरं तिच्या शेजारी उभी राहून फोटो काढायची. कुणी विचारायचं, ॲव्हरेज काय देते. एक जण म्हणाला की माझ्या घरापर्यंत सोळा स्पीडब्रेकर आहेत, ही पोटावर सरकत येणार का? ज्यांना पाहिजे होती त्यांच्याकडे पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे पैसे होते ते अशा दिवसांत लाल गाडीतून फिरायला घाबरत होते. होळी गेली. अण्णांनी जागामालकाच्या पाया पडून दोन महिने मागून घेतले. चैत्र तापला. पत्रा तापला की गाड्यांच्या आत भट्टी होते.

एक दिवस दुपारी मी लाल गाडीचं दार उघडलं. अत्तर केव्हाच संपलं होतं. आतून जी वाफ आली ती आमच्या घरात पूर ओसरल्यावर पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा आली होती तशीच होती. मी दाराला धरून उभी राहिले. बादली हातातच होती. ती उचलून डाव्या चाकाजवळ ठेवली.

अण्णा टेबलाशी बसले होते. त्यांनी ते बघितलं. उठले नाहीत. थोड्या वेळाने रफिकभाईंना हाक मारली आणि सीट उचलायला सांगितली. खाली बोटभर वाळलेला गाळ होता. तारांचे जोड हिरवे पडले होते. रफिकभाई म्हणाले की ब्रेकचा, स्टेअरिंगचा सगळा कारभार ह्याच तारांवर आहे, आज चालतंय, उद्याचं अल्लाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दोघं कागलला जाऊन आले. कारखान्याच्या गेटला कुलूप आणि बँकेचा कागद. वॉचमन म्हणाला की साहेब वीस दिवस झाले आले नाहीत, तुमच्या आधी चौघं येऊन गेले. फोन बंद. पुरात बंगल्याच्या तळघरात गाडी चार दिवस पाण्याखाली होती, हेही त्यानेच सांगितलं, विचारल्याबरोबर, जणू सगळ्यांना ठाऊकच होतं. अण्णा परत आले आणि मला पाणी मागितलं. माझ्याकडे रागाने बघतील म्हणून मी खाली मान घालून तांब्या ठेवला. ते एवढंच म्हणाले की ते पोरगंबी गळ्यापर्यंत बुडालंय.

रफिकभाईंचं म्हणणं होतं की तारा पुसू, सीट बसवू, नवं अत्तर लावू आणि घेणारा घेईल. तेही वाईट माणूस नव्हेत. त्यांच्या तीन लाखांत त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. रफिकभाईंनी सीट बसवली, अत्तर लावलं. अण्णा बघत राहिले. ते आठ दिवस मला जेवण गेलं नाही. जुलै जवळ येत होता, आणि अण्णा काय करतील ते त्यांचं त्यांनाही माहीत नसावं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बुधवारी इचलकरंजीचे दोघं आले. एक तरुण यंत्रमागवाला आणि त्याचा मामा. मागाचा धंदा निम्मा बंद, पण त्यांची जमीन रस्त्यात गेली होती आणि सरकारचे पैसे नुकतेच हातात आले होते. पोराला गाडी बघताक्षणी आवडली. तेरा लाखांवर बोलणं ठरलं. मामाने पिशवीतून विसाराचे पन्नास हजार काढून टेबलावर ठेवले. रफिकभाई दारात उभे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. अण्णांनी पावतीपुस्तक उघडलं, पेन काढलं आणि सहज विचारावं तसं विचारलं की पहिल्यांदा कुठं जाणार?

पोरगं लाजलं. महिन्यापूर्वी लग्न झालं होतं. म्हणालं की मंडळींना घेऊन गगनबावड्याला जाणार, तिथनं घाटानं खाली, समुद्रापर्यंत. तिनं अजून समुद्र बघितला नाही.

अण्णांनी पेनाला टोपण घातलं.

"पावणं, पैसे उचला," ते म्हणाले. "ही गाडी चार दिवस पाण्यात हुती. घेतली तवा मला कळलं न्हाय, आता कळलंय."

मग मामा म्हणाला, "मग किती कमी करताय?"

"कमी करत न्हाय. तुम्हाला इकतच न्हाय."

"दहाला द्या की. आम्ही बघून घेतो आमचं."

"घाटात ब्रेक लागंल का न्हाय, हे मला सांगता येत न्हाय. दहालाबी लागायचा न्हाय आणि तेरालाबी लागायचा न्हाय."

मामाला वाटलं, दुसरं गिऱ्हाईक जास्त देत असणार म्हणून म्हातारा नाटक करतोय. तो बराच बोलला. पोरगं मात्र गाडीकडे बघत पाय मागे घेत गेलं. ते निघून गेल्यावर रफिकभाई आत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "अण्णा, माझं तीन लाख हायत त्यात. ह्या बाईचं एक हाय." आणि मागे गॅरेजमध्ये जाऊन बसले. चहा तसाच थंड झाला.

आठ दिवसांत कोल्हापूरभर झालं, पण भलतंच झालं. अण्णांनी खरं सांगितलं हे कुणी सांगितलं नाही. अण्णांकडं पाण्यातली गाडी निघाली, एवढंच फिरलं. एकेक मालक येऊन आपापली गाडी घेऊन गेला. चौदाच्या पाच झाल्या, पाचाची एक. पुण्याहून एक भंगारवाला आला. त्याने लाल गाडी तिथेच खोलली. चाकं, दारं, सीट, इंजिन, सगळं वेगवेगळं टेम्पोत घातलं. तीन दिवस ते चाललं होतं. अण्णा खुर्ची टाकून बघत बसले होते. दोन लाख आले, ते त्यांनी टेबलावरूनच रफिकभाईंच्या हातात दिले. मग जागामालकाने शेडाला कुलूप लावलं.

जुलैत फी भरायच्या आदल्या दिवशी अण्णा आमच्या घरी आले. चाळीस हजार घेऊन. त्यांच्या बोटातली अंगठी नव्हती. मी काही विचारायच्या आत म्हणाले की बोट सुजतंय, घट्ट हुती. बाकीची फी कॉलेजने हप्त्याने घेतली आणि पूनमचं वर्ष वाचलं. ती आता नोकरीला आहे.

अण्णा तेव्हा अडुसष्टचे होते. मुलगा बेंगळुरूला या म्हणाला, पैसेही देतो म्हणाला. अण्णांनी त्याला सांगितलं की कर्ज तुझ्या नावानं घेतलं न्हवतं. ते लोकांच्या गाड्या पोचवायला लागले. कुणी कोल्हापुरात गाडी घेतली की ती बेळगावला, साताऱ्याला, सावंतवाडीला चालवत नेऊन द्यायची आणि एसटीने परत यायचं. एका खेपेचे आठशे, हजार. एक वर्ष ते रफिकभाईंचे देत राहिले. मग माझे साठ हजार राहिले. दर सोमवारी, शंकराला जाऊन, दुपारी माझ्याकडे. कधी दोन हजार, कधी पाचशे. पायऱ्या चढताना त्यांना दम लागायचा. पाय सुजून चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी सुतळीने बांधला होता. घाटातून गाडी नेताना छातीत कळ आली आणि तासभर रस्त्याकडेला बसून होते, हे मला रफिकभाईंनी सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं. अण्णा त्यांना म्हणाले होते की तंगीचं फिटलं की मी मोकळा.

रफिकभाईंना तो शब्द आवडला नव्हता. मलाही नाही. मला वाटायला लागलं की हा माणूस सोमवारसाठी उठतोय. मग मी चुकवायला लागले. सोमवारी दुपारी दाराला कुलूप लावून शेजारच्या आळीत जाऊन बसायची. पूनमला सांगून ठेवलं की पैसे घेऊ नको, आई नाही म्हण. एकदा तर मी त्यांना म्हणाले की अण्णा, राहू देत आता, मला नकोत. ते इतके दुखावले की चहा न पिता गेले. त्यानंतर चुकवायची पण बोलायची नाही. असे दोन महिने मी लांबवले. रफिकभाईही मदत करायचे. मी गावाला गेले आहे म्हणून खोटं सांगायचे.

शेवटचा सोमवार श्रावणातला होता. त्यानंतर नवव्या दिवशी ते राजारामपुरीतल्या खोलीत झोपेतच गेले.

मी त्या सोमवारी शेजारच्या आळीतून चार वाजता परत आले, तर ते पायरीवर बसून होते. बारापासून. पायावर पाऊस पडत होता आणि त्यांनी पाय आत घेतले नव्हते. मी कुलूप काढलं. ते आत आले, चपला बाहेर काढल्या आणि जमिनीवरच बसले. भस्म पावसाने पुसलं होतं. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीन हजार राहिले होते, तेवढेच होते.

मला तेव्हा राहवलं नाही. अडीच वर्षं पोटात होतं ते मी एकदम बोलले. "अण्णा, त्या दिवशी मी गाडीत बसले नव्हते. तो नको म्हणाला म्हणून. मी नुसती मान घातली आणि बादली ठेवली."

अण्णा नोटा सरळ करत होते. ते थांबले नाहीत.

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "मी बघत हुतो. तू बसली न्हाईस, ते बघितलं. पट्टा नवा हुता, तेबी बघितलं. पर मला ती गाडी चांगली निघायला पायजे हुती, तंगी. म्हणून बादली बघितली आणि दुसरं काय बघितलं न्हाय."

मी रडत होते. त्यांनी माझा हात पुढे ओढला, उताणा केला आणि त्यात एकेक ठेवत नोटा मोजल्या. सहा नोटा, पाचशेच्या. शेवटची ठेवून झाल्यावर माझी बोटं त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवली, भिंतीला धरून उठले आणि पावसात बसस्टॉपकडे चालू लागले. मी हाक मारली नाही. दारात उभी राहून मूठ उघडली आणि पुन्हा मोजल्या. एक लाख रुपये पुरे झाले होते.